मुहूर्त तोच ना?

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. घरात रघुदादाचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. आता उठायलाच दोघांचा आधार लागतो, तेव्हा बसल्या जागी सांगून टाकतो.

आमचा रघुदादा कुठल्याही लग्नाला आदल्या दिवशी यायचा. नुसता आदल्या दिवशी नव्हे, मांडवाचे खड्डे खणणाऱ्या गड्यांच्याही आधी. वडीगोद्रीला एका सोयऱ्याकडं तो असाच पोचला, तर मांडववाल्यानं त्याला आपलाच माणूस समजून हातात बांबू दिला. दादानं तो दुपारभर सरळ धरून ठेवला. संध्याकाळी घरधनी बाहेर आले आणि ओरडले, "अहो रघुनाथराव! तुम्ही इथं काय करून राह्यला?" दादा बांबू न सोडता म्हणाला, "मुहूर्त तोच ना?"

हे त्याचं ठरलेलं वाक्य. रामराम घालायच्या आधी, पाण्याचा तांब्या हातात यायच्या आधी, "मुहूर्त तोच ना?" पाहुण्यारावळ्यांत त्याची चेष्टा व्हायची. बायका म्हणायच्या, "पंचांग कशाला बघायचं? रघुभाऊजी आले म्हंजे उद्या लग्न." सगळे हसायचे. मीही हसायचो. तो असं का विचारतो हे त्या सगळ्यांत मला एकट्याला ठाऊक होतं.

दादा माझा चुलतभाऊ. आमचं घर वाटूरचं, शेतीचं. माझे वडील लवकर गेले आणि थोरल्या काकांनी, म्हणजे आबांनी, मला घरात घेतलं. आबांचा हा एकुलता एक मुलगा. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी तो हैदराबादला एम. ए. करत होता. विषय तर्कशास्त्र, आणि तेही उर्दूतून. घराण्यात त्याच्या आधी चौथीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळं हा नेमकं काय शिकतो ते कुणालाच सांगता येत नसे. आजी शेजारणींना सांगायची, "भांडण कसं जिंकायचं ते शिकून राह्यलाय."

त्याचं दुसरं वेड सायकल. जालन्याच्या मोंढ्यात एका मारवाडी शेठजींचं सायकलीचं दुकान होतं. ते हौसेनं शर्यती भरवायचे आणि दादा प्रत्येक शर्यतीत असायचा. हैदराबादहून रात्रभर रेल्वेनं यायचा, सायकल गार्डाच्या डब्यात. जालन्याला उतरला की शेरवानीची टोकं कमरेला खोचून थेट सडकेला लागायचा. पायडल मारता मारता धडा पाठ करायचा. त्यामुळं त्याची अंतरं कोसात नसत, धड्यांत असत. "जालना ते वाटूर? तीन प्रकरणं. वारा समोरून असला तर साडेतीन." गाडीवान आबांना येऊन सांगायचे, "आबासाहेब, तुमचा रघू सडकेनं कायतरी मंतरत गेला बघा. बैल बुजले माझे."

आणि तिसरं म्हणजे घरचं कार्य. बारसं असो, जावळ असो, डोहाळजेवण असो, दादा एकही चुकवत नसे. परीक्षा तोंडावर असली तरी यायचा. कुणी म्हटलं, "अरे, अभ्यास, शर्यत, वर हे, सगळं कसं जमायचं?" तर म्हणायचा, "बसवू की! बराबर बसवू." पंगतीत एक डोळा भिंतीला टेकवलेल्या सायकलीवर, तांब्याला टेकवून उघडं पुस्तक, आणि हात जिलबीत. एकदा बारशाला पाळण्याची दोरी धरून तो पाठांतरच करत होता. बायकांचं गाणं थांबलं आणि नेमका त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "सब इन्सान फानी हैं." सगळी माणसं मरणारी आहेत. आबांनी उमेदवारीत सरकारी कचेरीत दिवस काढलेले, त्यांना उर्दू यायचं. त्यांना ठसका लागला. आजीनं विचारलं, "काय म्हणला गं बाई?" आबा म्हणाले, "आशीर्वाद दिला."

दादाला एकच बहीण, गोदाताई. दोघांचा एक करार होता. लग्नात नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो. आमच्या बहिणीला नीट नांदव, एवढीच त्या पिळण्यातली समज. गोदाताई लहानपणापासून त्याला बजावायची, "दादा, नुसतं हात लावल्यावानी नको करू. जोरात पिळ." तो सायकलचा ब्रेक करकचून दाबून दाखवायचा, "असा पिळतो की जन्मात तुला उलटून बोलणार न्हाई." ती खुदकन हसायची. तिचं हसणं मला आजही ऐकू येतं, आणि ते ऐकू येणं मला नको असतं.

तिचं लग्न ठरलं पिंपळगाव रेणुकाईच्या मुलाशी. लग्न वाटूरला, मुहूर्त गोरज. त्याच दिवशी सकाळी जालन्याची मोठी शर्यत, आणि पुढल्या आठवड्यात दादाची शेवटची परीक्षा. आबा तडकले. दादा म्हणाला, "सकाळी शर्यत, सांजच्याला लग्न, परवाच्या गाडीनं हैदराबाद. बराबर बसतंय."

आदल्या दिवशी पिंपळगावहून सांगावा आला, नवरदेवाचा आजा अत्यवस्थ आहे, सुतक लागायच्या आत लग्न उरकू, मुहूर्त दुपारचा धरा. (तो आजा पुढं सहा-सात वर्षं सुपारी खात बसला होता.) आबांनी मला सर्व्हिस मोटारीत बसवलं. "गण्या, रघूला सांग, शर्यत सोड आन् सकाळीच नीघ. सांगशील ना बराबर?"

मी काही लहान नव्हतो. मॅट्रिकला दोनदा बसलेला, मिसरूड फुटलेला घोडा होतो. जालन्याला पोचलो तेव्हा दादा शेठजींच्या दुकानात सायकलच्या साखळीला तेल देत होता. मला पाहून एवढा खूष झाला! "आलास? माझी शर्यत बघायला आल्तास व्हय रे?" मी म्हणालो, "हो."

ते एक 'हो'. त्याचा आनंद मला मोडवेना, असं मी पुढं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मलाच शर्यत बघायची होती. मित्रांत मिरवायचं होतं. मी मनात हिशेब केला, सकाळी शर्यत लवकर संपेल, मग सांगू, दादा वाऱ्यासारखा जाईल. बराबर बसतंय.

सकाळी झेंडा दाखवायला येणारे पाहुणेच आले नाहीत. शेठजी हात जोडून म्हणत राहिले, "थोडा सबर करो भाई, आते ही होंगे." पाहुणे आले, मग त्यांचे हार, मग शेठजींचं भाषण. शर्यत सुटली तेव्हा ऊन चढलं होतं. अंबडच्या सडकेनं जाऊन परत यायचं होतं. दादा पहिला आला. गळ्यात हार, हातात चांदीचा पेला, आणि धापा टाकत हसणारा दादा. तेव्हा मी त्याला निरोप सांगितला.

तो रागावला नाही. पेला शेठजींच्या हातात ठेवला आणि सायकल वळवली. तेवढ्यात मी म्हणालो, "दादा, मोटार आता सांजच्यालाच हाय. मला सोडून जाऊ नको." लग्नाची पंगत चुकेल, ही माझी काळजी. त्यानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. "बस दांडीवर. जल्दी."

शर्यत मारून आलेला माणूस माझ्यासारखा घोडा दांडीवर घेऊन वाटूरला निघाला. त्या दिवशी त्यानं एकही धडा म्हटला नाही. चढावर त्याचा श्वास माझ्या मानेवर भट्टीसारखा लागायचा. हार काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. सगळ्या वाटेत तो एकच वाक्य बोलला, "माझ्याबिगर कान कोन पिळील रे?"

पोचलो तेव्हा मांडवात अक्षता पायाखाली आल्या होत्या आणि पहिली पंगत उठत होती. कान कुणातरी लांबच्या भावानं पिळला होता. हात लावल्यावानी. आबा खांबाला धरून उभे होते. दादाच्या गळ्यातला हार त्यांनी पाहिला आणि मग माझ्याकडं वळले.

"गण्या, निरोप दिल्ता का न्हाई ह्याला?"

सगळा मांडव ऐकत होता. आबांनी घराबाहेर काढलं तर मला जायला जागा नव्हती. मी म्हणालो, "कालच दिल्ता."

दादानं माझ्याकडं पाहिलं. सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "दिल्ता त्यानं. माझंच चुकलं, आबा."

मुंडावळ्यांच्या आड बसलेल्या गोदाताईनं ते ऐकलं. तिनं मान फिरवली.

आबांनी सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगली आणि हैदराबाद बंद केलं. परीक्षेला दादा गेलाच नाही. पुढं गावच्या शाळेत मास्तर झाला आणि सगळीकडं पायी हिंडू लागला. गोदाताईचा नवरा वाईट नव्हता, पण त्याला एक आयता टोमणा मिळाला होता. काही बिनसलं की म्हणायचा, "तुझा भाऊ येऊन राह्यला होता ना सायकलीवर? आला का?" दर भाऊबीजेला दादा पिंपळगावला जायचा, रेणुकामातेच्या देवळात बसायचा आणि बोलावणं आलं नाही की परत यायचा. बोलावणं कधीच आलं नाही. गोदाताई त्याच्या आधी गेली. भावानं आपल्यापेक्षा शर्यत मोठी मानली, हेच मनात घेऊन गेली. मी तिच्याकडं कितीतरी दिवाळ्यांचा फराळ खाल्ला. मला ती ओवाळायची.

माझ्या मुलीच्या लग्नाला दादा आला, अर्थातच आदल्या दिवशी. उघड्या खांबांत, पालथ्या घमेल्यावर बसला होता. केस पांढरे, धोतर धुळीनं भरलेलं.

"मुहूर्त तोच ना, गण्या?"

"तोच, दादा."

मी शेजारी बसलो. आज बोलायचंच असं ठरवून बसलो होतो. "दादा," मी म्हणालो, "गोदाताईच्या लग्नात मी..."

त्यानं हात पुढं करून माझा कान धरला. हळूच पिळला. जोरात नाही, हात लावल्यावानीच. "गप. लेकीचं लग्न हाय तुझ्या." आणि खड्डे खणणाऱ्या गड्याला म्हणाला, "खोल घे रे थोडा. खांब हलू नये."

मला न बोलण्याची सवलत मिळाली असं वाटलं, आणि ती मी हावरटासारखी घेतली. पुढल्या उन्हाळ्यात दादा गेला. मी शेवटच्या दिवसांत उशाशी होतो, तेव्हाही पाणीच पाजत राहिलो. सायकल अजून गोठ्यात टांगलेली आहे, टायरांचा भुगा झाला.

ते वाक्य माझ्या तोंडात तसंच राहिलं. लांबलचक नाही. एवढंच होतं, की दादा, निरोप वेळेवर द्यायला हवा होता मी. तो नाही दिला, तर निदान तुझ्या दांडीवर तरी बसायला नको होतं.