न घाबरलेल्या सांबराचा राजीनामा

मुलांनो, एका जंगलात घाबरण्याचं सरकारी खातं होतं. हसू नका. असं खातं प्रत्येक जंगलात असतं. पाटीवर फक्त 'संरक्षण' असं लिहिलेलं असतं.

या खात्याचा प्रमुख होता भानाजी नावाचा सांबर. वारा फिरला, पाचोळा वेगळा वाजला, की भानाजी पाय आपटून असा ओरडे की सगळं जंगल सावध होई. अठरा वर्षांत तो एकदाही उगाच ओरडला नव्हता. त्यामुळे भानाजी गप्प आहे म्हटलं की जनावरं निवांत रवंथ करत बसत.

जंगलाचे राजे होते दुर्दमसिंह महाराज. त्यांच्या गुहेत रोज सकाळी फराळाला एक मुंगूस येई. त्याचं नाव नकुलराव. तो डोंगरापलीकडच्या जंगलाचा वकील, म्हणजे राजदूत होता. त्याच्या जंगलाला लागून केतकीचं बन होतं आणि त्या बनात साप राहत. मुंगसांचं आणि सापांचं हाडवैर. ते काही खोटं नव्हतं. नकुलरावाचे दोन भाऊ सापांनी मारले होते.

आपल्या महाराजांच्या जंगलात आणि केतकीच्या बनात मात्र एक मोठी नदी होती. कुणी इकडचं तिकडे जात नसे, तिकडचं इकडे येत नसे.

"महाराज," एके दिवशी नकुलराव म्हणाला, "तुमची आयाळ नुसती आठवली तरी साप बिळात थरथर कापतात."

महाराजांनी आयाळ झटकली.

"आणि म्हणूनच," नकुलराव म्हणाला, "पंधरा दिवसांत ते तुमच्यावर चालून येणार."

थरथर कापणारे साप चालून कसे येतील, हे महाराजांनी विचारलं नाही. ते अजून आयाळीपाशीच होते.

त्यांनी भानाजीला बोलावून घेतलं. भानाजी नदीकाठी जाऊन तीन दिवस वाऱ्याकडे नाक करून उभा राहिला. मग परत येऊन म्हणाला, "महाराज, नदीपलीकडे साप आहेत."

"पाहा!" महाराज म्हणाले.

"ते माझ्या आजोबांच्या वेळेसही होते. आपल्याकडे यायला निघालेला मात्र एकही नाही. त्यांना इकडे काही कामच नाही."

"पण नकुलराव पंधरा दिवस म्हणतात."

"महाराज, नकुलराव गेली बारा वर्षं पंधरा दिवसच म्हणताहेत."

महाराजांचा चेहरा उतरला. "भानाजी, तुमचं काम घाबरण्याचं. आणि तुम्हीच घाबरत नाही म्हणता? उद्या सकाळी टेकाडावर उभे राहून ओरडा. परवा आपलं सैन्य नदी उतरेल."

भानाजी घरी आला. तान्ही नावाची त्याची बायको चिखलात बसली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं.

"ओरडून टाका," ती म्हणाली. "एकदा ओरडल्यानं काय होतंय?"

"आजवर मी ओरडलो की कळपातली पाडसंसुद्धा न विचारता पळायची. आता सैन्य पळेल, नदीच्या दिशेनं. पहिल्या तुकडीत आपला उदाजी आहे."

उदाजी त्यांचा एकुलता एक मुलगा. तान्ही म्हणाली, "तुम्ही पद सोडलंत तर उदाजीचं जाणं टळेल?"

"नाही."

"मग?"

"माझ्या ओरडण्यावर तरी जाणार नाही," भानाजी म्हणाला. एवढंच आपल्या हातात आहे, हे बायकोला सांगताना त्याला फार लाज वाटली.

सकाळी त्यानं राजीनामा दिला. त्यात लिहिलं होतं : 'महाराज, जी भीती मला वाटत नाही, ती मी ओरडून सांगू शकत नाही. ही भीती आपल्या जंगलात उगवलेली नाही. ती डोंगरापलीकडून आली आहे. सबब हे पद सोडत आहे.'

पोपटांनी जंगलभर जाहीर केलं, की भानाजींनी गुडघेदुखीमुळे निवृत्ती घेतली आहे.

मग घुबडं जमली. या राजीनाम्यातून नेमका काय संकेत मिळतो, यावर ती दोन दिवस बोलली. एक घुबड म्हणालं, पाणवठ्याच्या वाटपावरून नाराजी असावी. दुसरं म्हणालं, सांबराला अस्वलाच्या गटात जायचं असावं. राजीनामा वाचावा, असं कुणालाच सुचलं नाही. तसा वेळही नव्हता. चर्चा चालू होती.

राजीनामा देऊन कचेरीतून निघाला तेव्हाच भानाजीला वाटेत नकुलराव भेटला होता.

"झालं तुमच्या मनासारखं?" भानाजी म्हणाला.

नकुलराव थांबला. "रागावू नका, भानाजीराव. मी माझ्या जंगलाचं भलं पाहतो. तेच माझं काम. तुमच्या जंगलाचं भलं पाहायला तुम्ही होता."

भानाजी घरच्या वाटेला लागला.

रिकाम्या जागी एका सशाची नेमणूक झाली. सशाला सगळ्याचीच भीती वाटे, त्यामुळे काम झटपट होऊ लागलं. त्यानं पहिल्याच दिवशी अकरा वेळा आरोळी ठोकली आणि सैन्य नदी उतरलं.

युद्ध सात महिने चाललं. बनातले साप बिळं सोडून सैरावैरा निघाले आणि पोहत पोहत महाराजांच्या जंगलात शिरले. पहिल्यांदाच. सशानं लगेच कळवलं, की आपला अंदाज अखेर खरा ठरला.

उदाजी परत आला, तीन पायांवर. त्याच्या तुकडीतले बाकीचे आलेच नाहीत. तो आईशी बोलत नव्हता आणि पाचोळा वाजला की अंग चोरून घ्यायचा. भानाजी त्याच्याजवळ नुसता उभा राही.

शेवटी महाराजांनी नकुलरावाला निरोप धाडला, "आता तुमची मुंगसं पाठवा. साप आमच्या गुहेपर्यंत आले."

नकुलराव धावत आला आणि अत्यंत अदबीनं म्हणाला, "महाराज, कसं पाठवणार? आमचा सापांशी गेल्या महिन्यात तह झाला."

"तह? आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, महाराज. आणि खरं सांगू? तहावाचून आम्हाला गत्यंतर नव्हतं. तुमच्याइतकं मोठं सैन्य आमच्याकडे कुठलं?"

महाराजांना हे शेवटचं वाक्य आवडलं. त्यांनी आयाळ झटकली.

तरी एवढा अनर्थ झाला म्हटल्यावर चौकशी होणं भागच होतं. समिती बसली. सशाची साक्ष झाली, पोपटांची झाली, घुबडांची तर तीन वेळा झाली. नकुलरावाला पाहुणा म्हणून मानाची जागा मिळाली.

निकाल असा लागला : धोका नाही, हे जंगलात एकट्या भानाजीला ठाऊक होतं. ऐन वेळी तो पद सोडून गेला. तो राहिला असता तर महाराजांना कुणीतरी अडवलं असतं. सबब या युद्धाला सर्वस्वी भानाजी जबाबदार आहे.

भानाजीला निकाल वाचून दाखवला तेव्हा तो उदाजीचा पाय चाटत होता. त्यानं मान वर केली नाही. "नकुलराव काय म्हणाले?" एवढंच त्यानं विचारलं.

"ते म्हणाले, भानाजीराव फार हुशार होते. त्यांचं ऐकायला हवं होतं."

"मग महाराज काय म्हणाले?"

"महाराजांना ते लगेच पटलं."

तात्पर्य : मुलांनो, आपल्या राजाला खरं सांगायची तुम्हाला फारच तळमळ असेल, तर आधी शेजारच्या जंगलात नोकरी धरा.