चिकटल्या : शून्य

"दादा, रक्ताला थंडी वाजत नाही रे."

भावाने रक्ताची नळी बाळाच्या दुपट्यात गुंडाळून आणली होती. "राहू दे गं," म्हणत त्याने दुपटं टेबलावरच झटकलं, खांद्यावर टाकलं आणि घर गाठलं.

बाळ पाच आठवड्यांचं झालं तरी नाळ पडली नव्हती. डॉक्टरांना शंका होती, की त्याच्या पांढऱ्या पेशी शिरेच्या भिंतीला चिकटतच नसाव्यात. तसं असलं तर साधा संसर्गही जिवावर बेतणार. तपासणी प्रयोगशाळेत होती आणि तंत्रज्ञ होती बाळाची आत्या.

काचेच्या बारीक वाटेला आतून शिरेच्या भिंतीसारखा लेप द्यायचा, रक्त सोडायचं, चिकटलेल्या पेशी मोजायच्या. भाऊ येण्याआधीच फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवलेल्या दोन कुप्यांना घाम फुटून दोन्ही चिठ्ठ्या गळाल्या होत्या. 'लेप' सापडली, ती तिने अंदाजाने एकीवर लावली. 'मीठ-पाणी' गायब.

बाळ. चिकटल्या : शून्य.

पेशी येत होत्या, भिंतीला टेकत होत्या आणि मुकाट पुढे जात होत्या, ओसाड घरावरून जावं तशा.

तुलनेला तिचं स्वतःचं रक्त.

आत्या. चिकटल्या : शून्य.

भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला. मागच्या आठवड्यात कापलेलं बोट हातमोज्यात ठणकलं.

"सर, मी पंचेचाळीस वर्षं जगले कशी?" तिने प्रयोगशाळेच्या प्रमुखांना विचारलं.

"चेष्टा पुरे. माझं घ्या."

सर. चिकटल्या : शून्य.

सरांनी हळूच स्वतःची नाडी चाचपली. लागली.

"बाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ती कुपी हलवा. लेपाला फेस येतो, मीठ-पाण्याला नाही."

फेस आला नाही. दुसरीला भसाभसा आला.

सर. चिकटल्या : चव्वेचाळीस.

आत्या. एकावन्न.

बाळ.

तिने दोनदा मोजल्या. अठ्ठेचाळीस.

"दादा, चिकटतायत रे!" फोनवर तिला रडूच फुटलं.

"अगं, नाळपण पडली! पण सापडत नाहीये. तुझ्या वहिनीने घर डोक्यावर घेतलंय. दुपट्यात तर नव्हती ना?"

तिने नळ्यांचा डबा उचलला. खाली हरवलेली चिठ्ठी उताणी पडली होती, गोंदाची बाजू वर. त्यावर काहीतरी काळं, सुकलेलं, करंगळीच्या पेराएवढं.

"सापडली, दादा."

"मग आण की!"

तिने चिमट्याने ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं.

"सुटत नाहीये."