चार फुटांच्या राज्याची मोजणी

एका जंगलात, अशी मी सुरुवात करणार होतो. पण मुलांनो, त्या जंगलाला काचेच्या भिंती होत्या आणि वर ट्यूबलाइट होती. म्हणून खरं तेच सांगतो. एका दिवाणखान्यात चार फूट लांबीचं एक राज्य होतं. ते पाण्याने काठोकाठ भरलेलं होतं.

राज्यात तीन मासे राहायचे. तिघेही सिक्लिड जातीचे. ही जात देखणी असते, हुशार असते, आणि तिला शेजारी आवडत नाही.

पहिला राणोजी. तो फ्लॉवरहॉर्न होता. त्याच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. त्याच्या जातीत ते सगळ्यांनाच येतं. पण राणोजी त्याला मुकुट म्हणायचा.

दुसरा भुजंग. तो ऑस्कर होता. काळाकुट्ट, अंगावर निखाऱ्यासारखे डाग. त्याला टेंगूळ नव्हतं. म्हणून तो स्वतःला जनतेचा सेवक म्हणायचा.

तिसरी चिंगी. बोटभर लांब, अंगावर उभे पट्टे. ती जनता.

तिघं एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीतून आली होती. तेव्हा तिघंही नखाएवढी होती. माशांच्या दुकानातला बशीर म्हणाला होता, "काका, बिनधास्त न्या. एकत्र वाढले की भावंडांसारखे राहतात."

आणि खरंच, मोठे झाल्यावर ते भावंडांसारखे राहू लागले. म्हणजे दिवसातून दोनदा मारामारी.

राज्याच्या मधोमध फुटक्या माठाचा एक तुकडा होता. त्याच्याखाली सावली होती. ती सावली राणोजीला हवी होती, म्हणून भुजंगलाही हवी होती. दोघं एकमेकांचा जबडा धरायचे आणि पाणी ढवळून काढायचे. मग कोणीतरी हरायचं. राणोजी हरला की तो जाऊन चिंगीला चावायचा. भुजंग हरला की तोही चिंगीलाच चावायचा. जिंकलेला मात्र चावत नसे. तो आनंदाच्या भरात तिला नुसता ढकलायचा.

चिंगीची शेपटी अर्धीच उरली होती. काचेच्या कोपऱ्यात पाणी गरम ठेवणारा हिटर होता, त्याच्यामागे ती उभ्याउभ्या झोपायची. दाणे पडले तरी खाली उतरायची नाही. पोट आत गेलं होतं. आणखी आठ दिवस असे गेले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

एकदा तिने हिंमत करून विचारलं, "भुजंगदादा, मी तर त्या माठाखाली येतच नाही. मग मला का चावता?"

"तुझ्यावर माझा राग नाही गं," भुजंग म्हणाला. "माझी लढाई त्या टेंगळ्याशी आहे."

"मग त्याला चावा ना."

"तो परत चावतो."

चिंगीला हे पटलं. पटलं म्हणून ती पुन्हा हिटरमागे गेली.

आता या राज्याच्या मालकाबद्दल सांगतो. त्यांचं नाव जगन्नाथराव उपळेकर. त्यांनी जन्मभर मोजणी खात्यात नोकरी केली. शेतं मोजली, नकाशे काढले, हद्दीचे दगड रोवले. जगातलं प्रत्येक भांडण मोजणी न झाल्यामुळे होतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. शेजारच्या घरात त्यांचे थोरले भाऊ राहायचे. दोन घरांच्या मधल्या नऊ इंच जागेची मोजणी आजवर तीनदा झाली होती. दोघं भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. हे उदाहरण जगन्नाथरावांना कधी आठवलं नाही.

एका रविवारी ते टेप घेऊन राज्यापुढे बसले.

"अहो, टेप का भिजवताय?" इंदुमतीबाईंनी विचारलं. त्या जगन्नाथरावांच्या पत्नी.

"मोजणी करतोय."

"माशांची?"

"हद्दीची. अठ्ठेचाळीस इंच भागिले तीन. प्रत्येकी सोळा इंच. आता तक्रारीला जागाच नाही."

"आणि त्या पोरीला कुठं देताय?"

"चिंगीला मधला हिस्सा. म्हणजे हे दोघं लांब राहतील."

"दोन बैलांच्या मधे शेळी बांधा तुम्ही," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि भाजी निवडायला गेल्या.

जगन्नाथरावांनी काचेवर स्केचपेनने दोन रेघा मारल्या. तळाशी पांढऱ्या दगडांच्या दोन ओळी लावल्या. नकाशा काढून तो मागच्या काचेवर, आतून दिसेल असा चिकटवला. मग खुर्ची ओढून त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. "कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी," ते म्हणाले.

माशांनी तोंडं उघडली आणि मिटली. मासे दिवसभर तेच करतात. जगन्नाथरावांनी ते संमती म्हणून लिहून घेतलं.

मुलांनो, आता नीट ऐका. आधी हे दोघे दिवसातून दोनदा भांडायचे. उरलेला वेळ त्यांना दुसरी कामं असत. आता त्यांना हद्द मिळाली होती. हद्द मिळाली की ती राखावी लागते. राणोजी सकाळी उठून पांढऱ्या दगडांवर पहारा द्यायला लागला. भुजंग पलीकडच्या दगडांवर. राणोजीला एकच हद्द होती. भुजंगला एकच हद्द होती. चिंगीला दोन होत्या.

त्यात माठाचा तुकडा आला तिच्या वाटणीला.

"तुझ्या हक्काच्या रक्षणासाठी मी आत आलोय," राणोजी म्हणाला आणि माठाखाली बसला.

"त्याच्यापासून तुला वाचवायला मी आलोय," भुजंग म्हणाला आणि त्याने राणोजीचा जबडा धरला.

दोघांनी मिळून चिंगीचं इतकं रक्षण केलं की तिचा एक पर फाटला.

जगन्नाथराव बशीरकडे गेले. बशीर विचार करून म्हणाला, "काका, बाहेरून काचेला आरसा लावा. मासा स्वतःलाच बघतो, त्याला वाटतं दुसरा आला. सगळा राग तिकडं जातो. पण पाचच मिनिटं हं. जास्त नको."

जगन्नाथरावांनी इंदुमतीबाईंचा वेणी घालायचा आरसा आणला आणि तो राणोजीच्या बाजूला कायमचा टेकवून ठेवला. पाच मिनिटांची व्यवस्था करायची त्यांना सवय नव्हती.

राणोजीने आरशात पाहिलं. पलीकडे एक टेंगूळवाला उभा होता. नजर उद्धट, कल्ले फुगवलेले.

"परकं आक्रमण!" राणोजी ओरडला. "भुजंगा, धाव!"

भुजंग धावला. पाहतो तर पलीकडे एक काळाही उभा होता. निखाऱ्यासारखे डाग, आणि चेहऱ्यावर सेवा केल्याचा खोटा आव.

"हा तर आणखी बेरकी दिसतोय," भुजंग म्हणाला.

त्या क्षणी दोघं मित्र झाले. दिवसभर खांद्याला खांदा लावून ते काचेवर डोकी आपटू लागले. मधे दाणे खायचे आणि पुन्हा आपटायचे. पलीकडचेही तेवढेच खायचे आणि तेवढंच आपटायचे.

चिंगी खाली उतरली. तीन दिवस तिला कोणी चावलं नाही. तिने पोटभर खाल्लं. चौथ्या दिवशी तिला वाटलं, आपणही हे आक्रमण बघून यावं. ती दोघांच्या मधून डोकावली.

"राणोजीदादा," ती म्हणाली, "तिकडेही एक चिंगी आहे."

"असेल. त्यांचीही जनता असणारच."

"तिचीही शेपटी तुटलेली आहे."

"बघ!" राणोजी म्हणाला. "किती क्रूर आहेत ते!"

"पण दादा, तिचा पर अगदी माझ्यासारखाच फाटलाय. तिला कोणी चावलं असेल?"

राणोजीने भुजंगकडे पाहिलं. भुजंगने राणोजीकडे पाहिलं.

"हिला असले प्रश्न कोण शिकवतं?" भुजंग म्हणाला.

"पलीकडची ती," राणोजी म्हणाला. "मघापासून दोघी एकमेकींकडे बघतायत. फितुरी आहे ही."

नेमकं त्याच वेळी इंदुमतीबाईंना एका लग्नाला जायचं होतं. त्या आल्या आणि त्यांनी आपला आरसा उचलला.

आक्रमण संपलं. पलीकडे कोणीच नव्हतं.

"पळाले!" राणोजी म्हणाला. "माझ्या एका धडकेने."

"तुझ्या?" भुजंग म्हणाला.

पुढचं मी सांगत नाही. दोघं लढले, दोघंही थकले, आणि विजय कोणाचा हे ठरेना. मात्र फितूर कोण हे आधीच ठरलेलं होतं.

लग्नाहून परत आल्यावर इंदुमतीबाईंनी पाहिलं, तर चिंगी पाण्याच्या वरच्या थरात आडवी तरंगत होती. कल्ले तेवढे हलत होते. जगन्नाथराव हातात स्केचपेन घेऊन नवी रेघ आखत होते. फेरमोजणी.

इंदुमतीबाईंनी लग्नातली साडी खोचली.

"बाजूला व्हा."

"अगं, हद्द कायम करतोय."

"सख्ख्या भावाशी नऊ इंचांवरून बोलत नाही, आणि माशांचा निवाडा करताय. बाजूला व्हा म्हटलं ना!"

त्यांनी न्हाणीघरातली निळी बादली आणली. तिच्यात राज्यातलंच जुनं पाणी भरलं आणि हवेची नळी सोडली. जाळीने आधी राणोजीला उचललं, मग भुजंगला. दोघं बादलीत. वर चाळण, चाळणीवर वरवंटा. मग कोपरापर्यंत हात घालून त्यांनी पांढरे दगड उपटले, माठ या टोकाचा त्या टोकाला नेला, मोठे दगड कसेही रचले. रेघा पदराने पुसल्या. नकाशा सोलून काढला. दिवा मालवला.

बादलीत कोणालाच हद्द नव्हती. वळायलाही जागा नव्हती. राणोजी आणि भुजंग एकमेकांना चिकटून गप्प उभे राहिले. मोठेपणा करायला थोडी मोकळी जागा लागते, हे दोघांना तिथे कळलं.

चिंगी पाच दिवस एकटी होती. पहिले दोन दिवस ती नुसती श्वास घेत होती. तिसऱ्या दिवशी तिने दाणा खाल्ला. चौथ्या दिवशी ती माठाखाली गेली. पाचव्या दिवशी तिने माठाखालची वाळू तोंडाने उपसली आणि घर केलं.

सहाव्या दिवशी त्या दोघांना परत सोडलं. त्यांना काहीच ओळखीचं दिसेना. इथला दगड तिथे, तिथला माठ भलतीकडे. आपण कुठल्यातरी परक्या राज्यात आलो, असं त्यांना वाटलं. माठाखालून एक बोटभर मासा बाहेर आला.

"बाई," राणोजीने नरम आवाजात विचारलं, "इथे कोणाची हद्द आहे?"

चिंगीने क्षणभर विचार केला. तिची शेपटी थोडी उगवली होती.

"सगळी माझी," ती म्हणाली.

"मग आम्ही कुठे राहायचं?"

"त्या हिटरमागे बघा. मी राहिलेय तिथे. चांगली जागा आहे."

आणि मुलांनो, चपलेएवढे दोन मासे बोटाएवढ्या हिटरमागे जाऊन उभे राहिले. एक या बाजूने दिसत होता, दुसरा त्या बाजूने.

जगन्नाथरावांनी हे पाहिलं आणि त्यांना फार समाधान वाटलं. "शेवटी मोजणी लागू पडली," ते म्हणाले. सोललेला नकाशा त्यांनी चौकटीत घालून भिंतीवर लावला. नऊ इंचांच्या बाजूच्या भिंतीवर.

इंदुमतीबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. खिडकीतून एकदा थोरल्या दिरांच्या घराकडे पाहिलं. मग त्या निळ्या बादलीकडे पाहिलं.

बादली लहान होती.

तात्पर्य : दुबळ्यांनी धीर सोडू नये, त्यांना न्याय नक्की मिळतो. फक्त त्या आठवड्यात बलवान बादलीत असावे लागतात.