खालून वर जाणारी नावं

मास्तरांनी आयुष्यात स्वतःहून फार थोडे निर्णय घेतले होते, आणि त्यातले बहुतेक बायकोने संध्याकाळपर्यंत बदलले होते. त्यामुळे यावेळचा निर्णय घेतल्यावर ते सवयीने जरा थांबले. पण बदलायला कुणी आलं नाही. ती जाऊन आता बरेच महिने झाले होते.

(मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते पोस्टमास्तर होते. निवृत्त झाल्यावर ‘पोस्ट’ गेलं, मास्तर उरलं.)

झालं असं, की दुसऱ्या गावी असलेल्या लेकीचा फोन आला. "बाबा, पुढच्या आठवड्यात आईचा वाढदिवस. मी येतेय. आजी आणि मामांनाही बोलवू. त्या दिवशी तुम्ही एकटे बसायचं नाही."

"बोलवू की," मास्तर म्हणाले आणि काहीतरी भरीव बोलायला हवं म्हणून पुढे बोलून गेले, "मी आईवर एक फिल्म करतो."

"तुम्ही?"

त्या ‘तुम्ही’मध्ये इतका अविश्वास होता, की आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

एडिटिंगचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर उतरवून झालं. मग मास्तरांनी कपाटातून तिचा फोन काढला, चार्जिंगला लावला आणि एकेक व्हिडिओ बघायला बसले. तिला व्हिडिओ काढायची भारी हौस. ढिगाने होते. मास्तर नळ दुरुस्त करतायत आणि पाण्याचा फवारा थेट तोंडावर. मास्तर खुर्चीत झोपलेत, तोंडावर वर्तमानपत्र, ते श्वासाबरोबर वर-खाली होतंय. मास्तर नवे बूट घालून चालून दाखवतायत. आणि प्रत्येकात मागून तिचा आवाज, "अहो, इकडे बघा. हसा की जरा! पार्सल गहाळ झाल्यासारखं तोंड काय करता?"

दोन दिवस बघूनही ती स्वतः कुठेच दिसेना. फार तर कोपऱ्यात तिचा अंगठा.

मास्तरांनी तिचे फोटो काढलेच नव्हते असं नाही. काढले होते. पण त्यात तिचं डोकं नसायचं. एकदा प्रवासात त्यांनी तिचे डझनभर फोटो काढले आणि घरी येऊन पाहिलं तर सगळ्यांत मानेपर्यंतच बायको. "साडी छान आली आहे," ते म्हणाले होते. त्या दिवसापासून फोन कायमचा तिच्या हातात गेला.

"चिऊ, एक घोटाळा झालाय," त्यांनी लेकीला फोन केला. "आईच्या फिल्ममध्ये आई नाही."

 लेक नाक ओढत म्हणाली, "बाबा, सिनेमा संपल्यावर खालून वर नावं जातात ना, तिथे घाला. छायाचित्रण म्हणून. खरं तेच आहे."

मास्तरांना ही कल्पना इतकी पटली, की त्यांनी फिल्म एकाच दुपारी जोडून टाकली आणि उरलेले सगळे दिवस त्या नावांवर घालवले.

नावं वर चढवणं दिसतं तितकं सोपं नसतं. पहिल्यांदा ती वरून खाली आली, जिना उतरल्यासारखी. दुसऱ्यांदा इतक्या वेगाने वर गेली, की कुणीतरी पाठीमागे लागलंय असं वाटावं. नावांची पट्टी टाइमलाइनवर ओढून लांब केली की वेग कमी होतो, हे मास्तरांना कळलं, आणि ती त्यांनी इतकी लांब ओढली, की पहिलं नाव वर पोचेपर्यंत ते चहा करून, पिऊन, कप विसळून आले. शेवटी कुणा हौशी माणसाने मराठीत तयार करून ठेवलेलं एक टेम्पलेट सापडलं. आयती पट्टी, आपण फक्त नावं बदलायची.

तेवढ्यात मेव्हण्यांना सुगावा लागला. तिचे थोरले भाऊ, त्यांना सगळे दादा म्हणत. ते शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते, पण तपासणी सुरूच होती.

"माझं नाव कुठे आहे?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"दादा, तुम्ही एकाच व्हिडिओत आहात. तेही पाठमोरे."

"म्हणून तर नाव हवं! नाहीतर तो मीच आहे हे कळणार कसं?"

"बरं. काय म्हणून घालू?"

"प्रमुख मार्गदर्शक."

"मार्गदर्शन कधी केलंत?"

"मग आता काय करतोय?"

दादा आले म्हटल्यावर सासूबाईंना वगळून कसं चालेल? त्या नव्वदीच्या घरात, कानांनी अधू. लेक या वयात आपल्याआधी गेली, हे त्यांनी कसं सोसलं ते त्यांनाच ठाऊक. मास्तरांनी खूप विचार करून त्यांच्या नावापुढे लिहिलं, ‘मूळ निर्मिती’. आणि सगळ्यांत शेवटी, मोठ्या अक्षरांत, ‘छायाचित्रण’ आणि खाली बायकोचं नाव. नुसतं तिचं, मागेपुढे कुणालाही न जोडता.

ते नाव पडद्यावर पहिल्यांदा खालून वर आलं, तेव्हा मास्तर कॉम्प्युटर तसाच सोडून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. नंतर पुन्हा पुन्हा तपासताना ते नाव मध्यावर आलं, की त्यांचा हात आपोआप जाऊन फिल्म थांबवायचा.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी सगळे टीव्हीसमोर बसले. मास्तरांनी फिल्म लावली.

नळाचा फवारा उडाला आणि तिच्या हसण्याने चित्र गदागदा हललं. लेक हसता हसता रडायला लागली. दादांनी थोडा वेळ धीर धरला, मग ते मास्तरांच्या कानाशी लागले. "ही फिल्म तिच्यावर आहे की तुमच्यावर?"

मग स्वयंपाकघराचं छत आलं. नुसतं छत. एकदा ती फोन बंद करायला विसरली होती आणि तो ओट्यावर उताणा पडून राहिला होता. छत हलत नव्हतं. खाली कुठेतरी भांडी वाजत होती आणि ती स्वतःशीच गुणगुणत होती.

"हे काय आहे?" सासूबाईंनी विचारलं. "ती कुठे आहे? मला दिसत का नाही?"

"आजी, आई गातेय!" लेक ओरडून म्हणाली. तिने आवाज वाढवला, आजीची खुर्ची टीव्हीला चिकटवली. सासूबाईंनी वाकून स्पीकरला कान लावला आणि डोळे मिटले. 

"सुरात नाही," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "लहानपणापासूनच नव्हती." आणि कान तसाच ठेवून बसल्या.

मग नावं सुरू झाली. सावकाश, एकामागून एक. दादा आपल्या नावाला किंचित ताठ झाले. ‘मूळ निर्मिती’ वाचून सासूबाईंनी पदराने तोंड झाकलं, हसू की रडू ते कळलं नाही. सर्वांत शेवटी मोठी अक्षरं आली. सासूबाईंनी चष्मा सावरून आपल्या लेकीचं नाव एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं, शाळेत हजेरी घेतात तसं. क्षणभर थांबल्या, जणू आतून कुणी ‘हजर’ म्हणेल.

रिमोट मास्तरांच्या हातात होता, पण यावेळी फिल्म थांबवायची नव्हती. त्यामुळे नाव वर निघून गेलं आणि टेम्पलेटमधली शेवटची ओळ खालून वर आली. ती कुणीच बदलली नव्हती, कारण मास्तर आजवर तिथपर्यंत पोचलेच नव्हते. सोनेरी चांदण्या उधळल्या, ढोलताशा वाजला आणि अक्षरं झळकली:

‘भाग दुसरा लवकरच!’

खोलीत टाचणी पडली असती तर तिलाही दचकायला झालं असतं.

"भाग दुसरा?" दादा हळूहळू त्यांच्याकडे वळले.

"अहो नाही, ते सॉफ्टवेअरचं आहे," मास्तरांना घाम फुटला.

"कुणाची आहे म्हणाले?" सासूबाईंनी नातीला विचारलं.

"कुणाची नाही, आजी! सॉफ्टवेअर! सॉफ्टवेअर!"

"आडनाव नाही ऐकलं कधी," सासूबाई म्हणाल्या. "आपल्यातली नाही वाटतं."

"आई, तसलं काही नाही!" मास्तर आता जवळजवळ रडकुंडीला आले होते. "मी... मला दुसरी कशाला हवी?"

सासूबाईंनी त्यांना जवळ बोलावलं. मास्तर गुन्हेगारासारखे त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले. त्यांनी मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवला.

"जावईबापू, घाबरू नका. हॉस्पिटलात होती ना, तेव्हा ती मला म्हणाली होती. आई, माझ्यामागे ह्यांनी दुसरं लग्न करायचं ठरवलं, तर तू आडवी येऊ नकोस."

मास्तरांनी मान खाली घातली.

"आणि पुढे म्हणाली," सासूबाई शांतपणे बोलत राहिल्या, "तशी तुझ्यावर वेळ येणार नाही म्हणा. यांना पत्करणारी मीच एक वेडी होते."

लेकीने हुंदका दिला, पण तो हसण्याचा निघाला. दादाही खांदे हलवत हसायला लागले. मास्तर मात्र खालीच बसून राहिले. इतक्या दिवसांत तिचं प्रत्येक वाक्य त्यांना पाठ झालं होतं. पार्सलचं, बुटांचं, वर्तमानपत्राचं. त्यात भर पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आणि आज हे एक वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं, नवंकोरं, थेट तिच्या तोंडचं.

"असं म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"अगदी असंच."

"आणखी..."  मास्तर सासूबाईंच्या कानाशी सरकले. "आणखी काही म्हणाली होती का माझ्याबद्दल?"

"पुष्कळ," सासूबाई म्हणाल्या. "पण ते जावयाला सांगण्यासारखं नाही."