एकही फट सापडणार नाही

झाकण

"कॉम्प्युटर म्हणजे काय? कपाट! आणि कपाटातलं मला कोण शिकवणार?"

मिस्त्री असं म्हणाले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ऐकायला फक्त बायको होती, तीही अर्ध्या कानाने. तीस वर्षांत चारशे कपाटं केलेला माणूस! त्यांच्या कपाटाच्या दारातून कागदसुद्धा आत सरकत नाही, अशी ख्याती. (पसरवली त्यांनीच.)

लेकीच्या कॉम्प्युटरला कालच नवी पेटी आली होती. दुरुस्तीवाल्याने जुन्या पेटीतलं सगळं सामान काढून नवीत बसवून दिलं होतं. लेक इमारतींचे आराखडे काढायला शिकत होती. शेवटच्या वर्षाचा आराखडा आज पाचच्या आत कॉलेजला पाठवायचा, नाहीतर वर्ष बुडालं. तीन वाजता उठून शेवटचा हात फिरवते, असं सांगून ती आत आडवी झाली होती.

मिस्त्रींनी टेबलाखाली शिरून पेटीचं दार काढलं आणि हरखलेच!

"अगं, ये बघायला! वीजपुरवठ्याचा डबा खाली, वेगळ्या कप्प्यात! वायरी फळीच्या मागून फिरवल्यात, एक लोंबत नाही! आणि हे ड्रॉवर बघ, स्क्रूशिवाय सरकतात! करणाऱ्याच्या हातात सोन्याचं कडं घालावं!"

"बघितलं. लावा आता दार."

"पण मागे बघ! पुढे जाळी, वर जाळी, मागे तर नुसती चाळण! पेटी झकास, फिनिशिंग राहिलंय."

भोकं

फट दिसली की मिस्त्रींचे हात शिवशिवतात. लग्नाच्या मांडवातही ते दाराच्या चौकटी चाचपत होते.

सागाच्या विनियरच्या, म्हणजे कागदासारख्या पातळ लाकडाच्या, पट्ट्या आल्या. गोंद आला, एकदा लावला की जन्मात न सुटणारा. पुढची जाळी बंद. वरची बंद. मागे वायरींपुरती जागा ठेवून बाकी सगळं बंद. वरून पॉलिशचा हात! पेटी अशी दिसू लागली, जणू मुलीच्या सासरी पाठवायचीय.

तीन वाजता लेक येऊन बसली. टेबलाखाली वाकायला तिला वेळ कुठला!

"बाबा, आज आवाजच नाही हो याचा! केवढा शांत झालाय!"

मिस्त्री मिशीत हसले. आराखडा गेला की दाखवू, असं त्यांनी ठरवलं.

(इथे कथेत एक फट आहे. मिस्त्री यायच्या आत पलीकडे चला.)

बंद

तीन वीसला कॉम्प्युटर बंद पडला.

"आई! लाईट गेली का?"

"नाही गं. विजेचा दाब कमी असेल. थांब, फ्रिज बंद करते."

पुन्हा सुरू केला. बारा मिनिटं चालला. बंद!

मिस्त्री बॅटरी घेऊन टेबलाखाली. वरच्या कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली होती. "तरीच! इथून धूळ शिरतेय!" बुजवली.

सात मिनिटं. बंद!

बायकोने धुण्याचं मशीन बंद केलं, दिवे बंद केले, शेवटी पंखाही. मिस्त्रींनी आणखी एक फट शोधली. बुजवली.

चार मिनिटं. बंद!

लेक रडकुंडीला आली. साडेचार वाजले. बायकोने दुरुस्तीवाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काकू, पेटीला हात लावा. गरम आहे?"

"अगंबाई! यावर इस्त्री होईल कपड्यांना!"

"पुढच्या जाळीतून पंखे फिरताना दिसतायत का?"

"कुठली जाळी? पुढे तर लाकूड आहे."

दुरुस्तीवाल्याने पुन्हा विचारलं.

"...लाकूड?"

"बाबा!"

"सागाचं आहे," मिस्त्री बारीक आवाजात म्हणाले.

हवा

मग काय! पटाशी, हातोडी, शिव्या! गोंद खरंच सुटेना, आयुष्यात पहिल्यांदा मिस्त्रींना आपल्या कामाचा राग आला. शेवटी त्यांनी पेटीचं अख्खं दारच काढून फेकलं. बायको ताटाने वारा घालतेय, मिस्त्री पुठ्ठ्याने, लेक एका हाताने माऊस हलवतेय आणि दुसऱ्याने डोळे पुसतेय.

चार पन्नास. चालू!

चार सत्तावन्न. "गेला! आराखडा वेळेत गेला!"

तिघंही जमिनीवर बसली. मिस्त्रींनी घाम पुसत हळूच विचारलं, "विषय काय होता गं तुझा?"

"हवा खेळती राहणारं घर."

 बायको उठली, आतल्या खोलीतलं मिस्त्रींच्या हातचं कपाट उघडलं, मागच्या फळीच्या खुंटीला टांगलेली आपली लोकरीची शाल नाकाला लावली आणि परत आली.

"वीस वर्षं माझ्या कपड्यांना कुबट वास का येतो, ते आज कळलं."

हे मात्र मिस्त्रींच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी बायको बाजारात जाताच त्यांनी ड्रिल काढलं आणि कपाटाच्या पाठीला सहा भोकं पाडली. एका रेषेत, सारख्या अंतरावर. काम असं देखणं की स्वतःच दोन पावलं मागे सरून बघत राहिले.

शालीलाही सहाच पडली. एका रेषेत, सारख्या अंतरावर.