तुपेकाका आणि रडके सिनेमे

पडद्यावरची नायिका शेवटचे श्वास घेत होती. नायकानं तिचा हात हातात धरला होता, मागं बासरी लागली होती आणि जालना रोडवरच्या मॉलमधलं ते अख्खं थेटर मुसमुसत होतं. माझ्या डाव्या बाजूला माझी बायको सुनीता ओढणीत तोंड खुपसून बसली होती. अशा वेळी उजव्या बाजूनं, शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात एक वाक्य आलं. "सलाईन कवाच संपलीय. ती नळी बंद करा कुणीतरी."

ते आमचे तुपेकाका.

पुढच्या रांगेतल्या पाच-सहा माना रागानं मागं वळल्या. एक बाई मात्र वळली नाही. पडद्यावरची नजर न काढता तिनं सांगितलं, "साहेब, मी तिकीट काढून रडायला आलेय. मला बराबर रडू द्या, मग तुमची सलाईन बघू."

काका गप्प झाले. त्यांना कुणी गप्प केलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

तुपेकाका बजाजनगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात त्यांचा जन्म गेला. गाड्यांचे सुटे भाग उजेडात धरायचे, मोजायचे आणि 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' असा शिक्का मारायचा. कंपनीनं त्यांना नारळ दिला, शिक्का मात्र परत मागायला विसरली. त्यामुळं मेथीची जुडी, सोसायटीचा गणपती, लग्नातला जिलेबीचा घाणा, सगळ्यांची तपासणी सुरूच राहिली. आमच्या शेजाऱ्यांना नातू झाला तेव्हा काकांनी त्याला खिडकीपाशी नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "कान सारखे हायेत." घरच्यांनी पेढा देताना हात जरा आखडता घेतला, पण काकांच्या तोंडून एवढं कौतुक फार कमी लोकांच्या वाट्याला आलंय.

"टॉलरन्सच्या बाहेर हाये" हा त्यांचा आवडता निकाल. टॉलरन्स म्हणजे चूक किती खपवून घ्यायची त्याची हद्द. काकांच्या लेखी ही हद्द केसाएवढी, तोही बारीक केस.

लग्न राहून गेलं ते याच हद्दीपायी. फुलंब्रीजवळ गावी चांगली जमीन, शहरात पक्की नोकरी, त्यामुळं स्थळांना तोटा नव्हता. पण एक मुलगी फार मोठ्यानं हसायची, दुसरी हसतच नव्हती. तिसरीच्या घराच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नव्हत्या. असं करत करत काकांना खोट काढायचा कंटाळा आला, तेव्हा कळलं की स्थळं यायची कधीच थांबलीत. धाकटा भाऊ रामराव गावी शेती बघतो, त्याची नातवंडंसुद्धा शाळेत जायला लागली.

सिनेमे ते फक्त रडके बघत. मारामारीच्या सिनेमात तपासण्यासारखं काही नसतं, तिथं सगळाच माल रिजेक्ट, असं त्यांचं म्हणणं. रडका सिनेमा मात्र आपण खरे आहोत असा दावा करतो, मग त्याची तपासणी झालीच पाहिजे. आम्ही पाहिला तो सिनेमा उतारवयात भेटलेल्या दोघांचा होता. ती आजारी पडते, जाते, तो मागं उरतो. बाहेर पार्किंगमध्ये स्कूटरला किल्ली लावता लावता काकांनी निकाल दिला, "कथाच टॉलरन्सच्या बाहेर हाये. साठीनंतर माणसाला प्रेम होत नसतं, बीपी होतं."

आणि पुढच्या आठवड्यात ते एकटेच पुन्हा त्याच सिनेमाला गेले. सलाईनचं पक्कं करायचंय, म्हणाले.

ती बाईही तिथं होती. रडका सिनेमा ती दोनदा बघायची. पहिल्या वेळी कुठं रडायचं ते नीट कळत नाही, दुसऱ्यांदा तयारीनं रडता येतं, असा तिचा हिशेब. मध्यंतरात तिनं काकांना आवाजावरून ओळखलं आणि विचारलं, "काय साहेब, आज काय संपलं?" काका म्हणाले, "चहा घेता का?"

तिचं नाव मंगलताई. गुलमंडीत गल्लीच्या तोंडाशी तिचं छोटं दुकान होतं. अस्तर, फॉल, लेस, बटणं. नवरा फार पूर्वी गेला, मुलगा पुण्यात नोकरीला. दिवसभर काउंटरमागून "क्या होना आपा?", "ताई, हे उन्हात धरून बघा" असं चाललेलं. मला ती एकदा म्हणाली, "दुकानात रडलं तर गिऱ्हाईक जातं, घरी रडलं तर शेजारीण येती. थेटरात अंधार असतो, गार असतं आणि काय झालं म्हणून खामखा कुणी विचारत नाही."

काका गुलमंडीला जायला लागले. कारण विचारलं तर म्हणाले, तिथल्या बटणांची भोकं मधोमध नाहीत, तपासावं लागेल. त्यांनी पहिल्याच दिवशी एक डबाभर बटणं रिजेक्ट केली. मंगलताईंनी सुई-दोरा पुढं केला आणि म्हणाल्या, "मग ती तुम्हीच लावून घ्या स्वतःला." काकांनी खरंच घेतली. सुनीतानं हे सर्वांत आधी हेरलं. "काकांच्या सगळ्या शर्टांची बटणं बदललीत," ती म्हणाली, "आणि एकाही शर्टाची सगळी एका रंगाची नाहीत."

मग मंगलताई एकदा काकांकडं चहाला आल्या आणि सोसायटीला जाग आली. 'ज्येष्ठ नागरिकांची सुरक्षितता' या विषयावर बैठक बोलावण्यात आली. सेक्रेटरींनी घसा साफ करून सांगितलं की वैयक्तिक कुणाबद्दल बोलायचं नाही, आणि मग तासभर सगळे तुपेकाकांबद्दलच बोलले. वॉचमननं पाहुण्यांची नोंद ठेवावी असं ठरलं. मी सभोवार पाहिलं. सोसायटीतल्या निदान अर्ध्या लोकांनी तोच सिनेमा बघून म्हाताऱ्या जोडप्यासाठी रुमाल ओले केले होते, आणि तेच तिथं गंभीर चेहऱ्यानं बसले होते. पडद्यावर प्रेम चालतं, जिन्यात दिसलं की लोकांना धाप लागते.

गावाहून रामराव आले. सोबत दोन भावकीतले, म्हणजे वजन पडावं. "दादा, आता या वयात? लोक तोंडात शेण घालतील. तुला भाकरीची अडचण हाये का? सूनबाईला पाठवतो."

काका म्हणाले, "भाकरी माझी मला येती रे. सिनेमाला सोबत लागती."

रामरावांनी भावकीकडं पाहिलं. भावकीनं चहाच्या कपाकडं. चहा पिऊन ते निघून गेले.

मंगलताईंच्या मुलाचा फोन मी दुकानात असतानाच आला होता. तो विचारत होता की आई, आम्ही तुला काय कमी केलं. ताईंनी एका गिऱ्हाइकाला लेस मोजून देत देत सांगितलं, "कमी काहीच नाही रे राजा. तू जे जे केलंस ते सगळं फोनवर पोचलं."

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. साक्षीदार मी आणि सुनीता. मुलगा नाही, रामराव नाहीत. हार घातल्यावर काका मंगलताईंच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिले. ताईंनी विचारलं, "काय हो साहेब, खोट निघाली का?"

"शोधायलोय," काका म्हणाले.

पुढचं वर्ष-दीड वर्ष आमच्या जिन्यात वेगळाच आवाज असायचा. दर शुक्रवारी दोघं सिनेमाला जायची आणि भांडत परत यायची. ताई म्हणायच्या, काय सुंदर मेली हो ती. काका म्हणायचे, मरताना कुणी एवढं लांबलचक बोलत नसतं. सेक्रेटरीसुद्धा त्यांना बघून हसायला लागले होते.

मग मंगलताईंचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, पुन्हा झाल्या, आणि डॉक्टरांनी काकांना बाजूला बोलावलं. दुखणं बरंच पसरलं होतं.

आमच्याकडं माणूस आजारी पडला की त्याच्यावर दोन संकटं येतात, एक आजार आणि दुसरे भेटायला येणारे. सोसायटी लाटेनं आली. प्रत्येकाच्या हातात मोसंबी आणि तोंडात इलाज. गव्हांकुर, गरम पाणी, मिरजेकडचा कुणी वैद्य. सेक्रेटरींच्या सौंनी ताईंच्या उशाशी बसून आपल्या चुलत नणंदेची अशीच केस पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, शेवटासकट. काकांनी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि म्हणाले, "वैनी, पुढच्या टायमाला नुसती मोसंबी पाठवा."

एका संध्याकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी काकांसोबत बसलो होतो. त्यांची दाढी वाढली होती. एकदम म्हणाले, "त्या सिनेमात यातलं काहीच नव्हतं बघा. उलट्या नव्हत्या. न्हाणीत केसांचा बोळा अडकतो ते नव्हतं. ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर पळणं नव्हतं. तो हिरो नुसता हात धरून बसला व्हता. हात धरायला टाइम कुठंय माणसाला?"

दाढीवरून हात फिरवत पुढं म्हणाले, "सकाळी धुणं वाळत घालताना ध्यानात येतं, आज हात धरायचा राहिला."

मंगलताई मात्र रडत नव्हत्या. सुनीतानं एकदा त्यांचे पाय दाबता दाबता विचारलंच. तर म्हणाल्या, "माझा साठा थेटरातच संपला गं. एवढ्या बायकांसाठी रडले मी, आता स्वतःसाठी उरलंच नाही." मग काकांकडं वळून, "साहेब, तो आपला पहिला सिनेमा. त्याच्या शेवटी नेमकं काय होतं हो? दोन्ही वेळा मी डोळे पुसत होते. नीट बघितलंच नाही."

काका खुर्चीत सरळ बसले. म्हणाले, "ती बरी होऊन उठती. मग दोघं घरी जातात. रस्त्यात भजे खातात."

मंगलताई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग हसल्या. "टॉलरन्सच्या बाहेर आहे," त्या म्हणाल्या, "पण चालेल."

श्रावणात त्या गेल्या. दवाखान्यात, दुपारी, काका डब्यातली खिचडी गरम करायला खाली गेले होते तेव्हा.

मुलगा आला, धाय मोकलून रडला. रामराव आले, तेही रडले. सोसायटीनं शोकसभा घेतली आणि ज्यांनी वॉचमनला नोंद ठेवायला सांगितली होती त्याच सेक्रेटरींनी 'आदर्श सहजीवन' या विषयावर भाषण केलं. काका पहिल्या रांगेत कोरड्या डोळ्यांनी बसले होते. मागं कुणीतरी कुजबुजलं, दगड हाये माणूस. लोकांना मागं उरलेल्याकडूनही हिरोचं काम हवं असतं.

दुकान आता विकावं, शेजारच्या कापडवाल्यानं विचारलंय, असं मुलाचं म्हणणं होतं. काकांनी ऐकून घेतलं आणि तेराव्यानंतर जाऊन दुकान उघडलं. सहा फुटांचा, पांढऱ्या मिशांचा माणूस लेसच्या गुंडाळ्यांमध्ये बसलेला बघून बायका आधी परत फिरायच्या. मग त्यांना कळलं की या दुकानात चुकीचं अस्तर मागितलं तरी मिळत नाही. एकीला काकांनी साडीसकट रस्त्यावर उन्हात उभं केलं आणि रंग जुळत नाही म्हणून माल न देताच परत पाठवलं. ती पुढच्या आठवड्यात दोन मैत्रिणी घेऊन आली.

दिवाळीच्या आधी मी आणि सुनीता तिथं गेलो होतो. काउंटरशी फुलंब्रीकडची एक बाई उभी होती, पन्नाशीची, डोक्यावर पदर. अस्तर कापून झाल्यावर तिनं विचारलं, "काकू दिसत नायत?"

काकांचे हात थांबले नाहीत. "पुण्याला गेल्यात. लेकाकडं."

सुनीतानं माझा दंड धरला.

"बऱ्या हायत ना?"

"बऱ्या हायत की. गुडघा जरा धरतो, पण जिना चढत्यात. तिथं करमत नाय म्हणत्यात. चहा गोड लागती त्यांना, सून बिनसाखरेची देती. कालच फोन व्हता, म्हणल्या मोरपंखी अस्तर संपू देऊ नका." काका बोलतच राहिले. ताईंना दुपारी झोप येत नाही, ताईंना केळं चालत नाही, ताई भांडायला लागल्या की पदर खोचतात. त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यात एकही खोट नव्हती. बाई मान हलवत सगळं ऐकत होती.

ती गेल्यावर काका कात्री पुसत बसले. आमच्याकडं न बघता म्हणाले, "लांबून येती ती. सांगून काय करायचं? गाडीत रडत बसंल गावापर्यंत."

आम्ही बाहेर पडलो. कोपऱ्यावर ती बाई पिशवी सारखी करत उभी होती. सुनीताला राहवेना. ती जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "मावशी, खरं म्हणजे मंगलताई…"

"ठाव हाये बाई," ती म्हणाली. "दहाव्याला आले व्हते मी. मागं बसले व्हते, त्यांनी वळखलं नाय."

"मग?"

"पयल्या खेपेला सवयीनं तोंडातून निघून गेलं, काकू कुठंयत म्हणून. ते म्हणले पुण्याला गेल्यात. अन् मग बोलायलेत, बोलायलेत, असं तोंड उजळलं बघा त्यांचं." तिनं पिशवीची गाठ मारली. "तवापासून येते अधूनमधून, अन् इचारते. नाय तर मला कुठं एवढं अस्तर लागतंय."

गाडीची वेळ झाली म्हणून ती निघाली.