किंकाळीचे अठरा टेक

बारकीची फाइल बंद झाली आणि मुलगी आईबापांकडेच राहिली. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू या, कारण त्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता ते बारकीच्या बापालाही ठाऊक नव्हतं.

बाप पेशाने रेकॉर्डिस्ट. मागच्या आठवड्यात एका श्राव्य मालिकेला चेटकिणीच्या तावडीत सापडलेल्या मुलीची किंकाळी हवी होती. बाहेरची पोर आणायची तर तिच्याबरोबर तिची आई येणार, मग आईचा सल्ला येणार. घरची बारकी सात वर्षांची, आवाज खणखणीत. "नको! सोडा मला!" असं तिने अठरा वेळा हौसेने ओरडून दिलं. सतरा टेकमध्ये रस्त्यावरचे हॉर्न आले, अठरावा स्वच्छ निघाला आणि मालिकावाल्यांनी तिसरा घेतला.

त्यावर बालसंरक्षण कार्यालयात तक्रार गेली. तक्रारदाराचं नाव कार्यालयाने गुप्त ठेवलं होतं, त्यामुळे ती वरच्या मजल्यावरच्या काकूंनी केली हे अख्ख्या इमारतीला दुसऱ्याच दिवशी कळलं. पाठोपाठ पत्र आलं. बालसंरक्षण अधिकारी घरी येणार; संशय आला तर मुलगी पंधरा दिवस बालगृहात जाणार. पत्र वाचून बारकीच्या आईचं अवसान गळालं. तिच्या भावाने फोनवर सल्ला दिला, "भाऊजी, त्या अधिकारी बाई बोलतील ते सगळं रेकॉर्ड करा. उद्या फिरल्या तर आपल्या हातात काहीतरी पाहिजे."

दुसऱ्या कुणी मोबाइल टेबलावर ठेवून दिला असता. इथे धंद्याच्या इभ्रतीचा प्रश्न होता. अधिकारी मॅडम आत आल्या तेव्हा बाहेरच्या खोलीत तीन माइक उभे होते, दारावर ब्लँकेट टांगलं होतं आणि पंखा बंद होता.

"हे काय?"

"रेकॉर्डिंग, मॅडम. तुमची हरकत नसेल तर."

"माझी कशाला हरकत?" मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजाने तिन्ही माइकचे दिवे एकदम लाल झाले. "पण खिडक्या का बंद?"

"आवाजासाठी."

मॅडमनी वहीत लिहिलं: आवाज बाहेर जाऊ नये याची चोख व्यवस्था.

बारकीने बिस्किट तोंडाला लावलं. "कुरकुर येतेय," बाप हेडफोन कानावर दाबत म्हणाला, "दे ते इकडे." मॅडमनी लिहिलं: मुलीच्या तोंडचं खाणं काढून घेतात. "आणि नाक वाजतंय तुझं. थोडा वेळ श्वासच घेऊ नकोस." हे मॅडमनी लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

"अरे, काय चाललंय तुझं?" आई कुजबुजली.

"तू बोलूच नकोस मध्ये. तुझं काही ऐकूच येत नाही मला."

मॅडमनी पान उलटलं.

"बाळ, इकडे ये," त्या बारकीला म्हणाल्या. "बाबांमुळे तुला कधी ओरडावं लागलं का?"

"हो. अठरा वेळा."

"आणि मग बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, छान. आता अजून घाबर."

"मॅडम," बाप नम्रपणे म्हणाला, "हा प्रश्न परत घेऊ या का? 'बाळ' म्हणताना तुमचा 'ब' माइकवर फट्‌कन फुटला."

"आधी त्या खिडक्या उघडा!" मॅडम गरजल्या. "पोर गुदमरतेय!"

खिडक्या उघडल्या. तेवढ्यात आईच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे, ती किंकाळी आहे ना तुझ्याकडे? ऐकव की त्यांना!"

"कच्ची आहे गं. साफसूफ केलेली नाही."

"लाव!"

बापाने नाइलाजाने स्पीकर लावले. "नको! सोडा मला!" मॅडम दचकल्या. त्यांनी बारकीकडे पाहिलं. बारकी तोंड मिटून, हाताची घडी घालून उभी होती. चौकशी म्हटली की खात्री करावी लागते.

"परत!" मॅडम म्हणाल्या.

"नको! सोडा मला!"

"अजून एकदा! मोठ्यानं! नीट ऐकू येत नाहीये मला!"

अकराव्या टेकला मॅडमचा मोबाइल वाजला. कार्यालयातला कारकून होता. माइक इतके चांगले होते की त्याचं बोलणं बापाच्या हेडफोनमध्ये सुद्धा स्वच्छ येत होतं.

"मॅडम, त्याच घराबद्दल परत तक्रार आलीय. आत्ता चालू आहे म्हणतात. मुलगी किंचाळतेय आणि एक बाई 'परत! मोठ्यानं!' म्हणून दरडावतेय."

"आई असेल."

"नाही. आईचा आवाज ओळखतो म्हणाले. ही बाई राकट आवाजाची आहे. 'खास बाहेरून आणलेली दिसते', असं लिहून घेतलंय मी."

मॅडमनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. जमला नाही. "अरे, ती बाई मी आहे!"

"असं होय? मग नाव टाकून घेतो."

"अरे थांब, ऐक..."

"टाकलं, मॅडम. आता निघत नाही. आणि चौकशी तुमच्याकडेच आलीय. या भागाला तुम्ही एकट्याच आहात. फक्त स्वतःची चौकशी करायची तर आयुक्तांची परवानगी लागेल. अर्ज टाका."

फोन बंद झाला. मॅडमनी त्या तीन माइककडे बोट केलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हे चालू आहे ना?"

"पहिल्यापासून."

"मग सगळं आलंय ना? मी मुलीला बोटही लावलं नाही, तेही?"

"बोट न लावल्याचा आवाज येत नाही, मॅडम. पण मी साक्ष देईन."

"साक्षीदाराची फाइल उघडी असेल तर साक्ष धरत नाहीत," असं म्हणून मॅडमनी पिशवीतून बारकीची फाइल काढली, 'तथ्य आढळले नाही, मुलगी घरीच सुखरूप' असा शेरा मारला आणि सही ठोकली. बारकीची आई हुंदके देऊन रडू लागली. ते हुंदके थेट मधल्या माइकवर येत होते, तरी बाप काही बोलला नाही. त्याने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला आणि माइकपासून बरोबर वीतभर अंतर ठेवून मजकूर सांगायला सुरुवात केली:

"प्रति, माननीय आयुक्त. महोदय, सदर तक्रारीतील राकट आवाजाची अज्ञात स्त्री आणि सदर तक्रारीची चौकशी अधिकारी या दोन्ही मीच असल्याने, मला माझ्या घरी पूर्वसूचना न देता अचानक भेट देण्याची, मी उडवाउडवीची उत्तरे दिल्यास मला कडक समज देण्याची, आणि या भेटीत मी माझ्याशी केलेले संभाषण माझ्या नकळत रेकॉर्ड करण्याची परवानगी तातडीने मिळावी, ही नम्र विनंती."